आधी ड्रॅगन, मग प्रतीक : इंग्रजीच्या वर्गात विज्ञानकथा आणि फँटसी कशी अभ्यासावी

इंग्रजी साहित्याच्या वर्गात फँटसीतला एखादा उतारा वाचायला दिला आणि त्यातल्या ड्रॅगनविषयी प्रश्न विचारला, की बहुतेक उत्तरे एकाच वाक्याने सुरू होतात : ड्रॅगन हे दुष्टतेचे प्रतीक आहे. विज्ञानकथेतला परग्रहवासी तसाच परकेपणाचे प्रतीक होतो, यंत्रमानव यांत्रिक जीवनाचे प्रतीक होतो, आणि उत्तर दहा ओळींत आटोपते. ही उत्तरे चुकीची असतात असे नाही, पण ती वेळेआधी आलेली असतात. ड्रॅगन बोलतो का, बोलत असेल तर कोणत्या भाषेत, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते, हे पाहण्याआधीच अर्थ लावून मोकळे झाल्यामुळे लेखकाने शब्दाशब्दाने उभे केलेले जग वाचायचे राहूनच जाते. म्हणून एक क्रम पाळावा, असे मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला सांगतो. कथेतली अशक्य गोष्ट आधी जशीच्या तशी खरी मानावी, तिचे नियम संहितेतल्या शब्दांतून शोधावेत, आणि अर्थाकडे त्यानंतर वळावे.

या क्रमाला इंग्रजीच्या अभ्यासातच जुना आधार आहे. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३६ साली ब्रिटिश अकादमीपुढे ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यावर व्याख्यान दिले. त्या काळातले अनेक अभ्यासक या काव्याकडे इतिहास आणि भाषाशास्त्र यांची खाण म्हणून पाहत असत, आणि एवढ्या गंभीर काव्याच्या मध्यभागी राक्षस आणि ड्रॅगन का आहेत, याची त्यांना अडचण वाटत असे. राक्षस ही कवीची फसलेली निवड नसून काव्याचा गाभाच आहेत, असे टोल्किन यांनी ठामपणे मांडले. पुढे ते स्वतः फँटसीचे लेखक म्हणून जगभर ओळखले गेले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की इथे एक प्राध्यापक आपल्या सहकाऱ्यांना सांगत होता की काव्य वाचायचे असेल तर त्यातल्या राक्षसाला चुकवून पुढे जाता येणार नाही.

पहिले वाचन : वाक्यापाशी थांबणे

पहिल्या वाचनाआधी प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर आणि त्या कथेवरचा चित्रपट, हे सगळे बाजूला ठेवावे. वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढावी. डाव्या बाजूला संहितेत खटकलेला, अनोळखी वाटलेला शब्द किंवा तपशील लिहावा, आणि उजव्या बाजूला त्यावरून त्या जगाविषयी काय अनुमान निघते ते लिहावे. पहिल्या तीन-चार पानांसाठी एवढे केले तरी पुष्कळ झाले. हे काम कंटाळवाणे वाटेल, परंतु या साहित्यप्रकारात जगाची ओळख बहुधा वर्णनातून होत नाही. ती सहज उच्चारलेल्या, जाता जाता आलेल्या शब्दांतून होते, आणि असे शब्द घाईच्या वाचनात निसटतात.

याचे अभ्यासकांच्या आवडीचे उदाहरण रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४२ च्या एका कादंबरीत आहे. तिथे एक दार उघडते. पण ‘उघडले’ असे लेखक म्हणत नाही. त्याचे क्रियापद डोळ्यांच्या बाहुल्यांसाठी वापरले जाणारे आहे : दार विस्फारले. मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या तीन शब्दांचे आहे. डाव्या रकान्यात ते क्रियापद लिहून उजवीकडे अनुमाने लिहायला घ्यावीत. दाराला बिजागरी नाही. ते कडांकडे सर्व बाजूंनी मागे सरत असणार. असे दार बनवणारी आणि ते दुरुस्त करणारी माणसे त्या जगात असणार. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या दाराचे निवेदकाला जराही आश्चर्य वाटलेले नाही, म्हणजेच असे दार तिथे नेहमीचेच आहे. एका क्रियापदाने वाचकाला भविष्यकाळाचा रहिवासी केले, आणि स्पष्टीकरणाचे एकही वाक्य खर्ची पडले नाही.

याच्याच जोडीला विज्ञानकथाकार आणि समीक्षक सॅम्युअल डिलेनी यांनी दाखवलेली एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘तिच्या जगाचा स्फोट झाला’ हे वाक्य वास्तववादी कादंबरीत आले तर आपण ते तिच्या मनःस्थितीचे रूपक म्हणून वाचतो. विज्ञानकथेत हेच वाक्य आले, तर तिचा ग्रह खरोखरच फुटलेला असू शकतो. इंग्रजीच्या वर्गात अलंकार ओळखण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला इथे थबकावे लागते आणि हे रूपक आहे की घटना आहे, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो. हे थबकणे अंगवळणी पडले, की कविता वाचतानाही त्याचा उपयोग होतो.

एक कथा जवळून

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी रे ब्रॅडबरी यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ही १९५० सालची कथा घ्यावी. ती लहान आहे, एका तासात वाचून होते आणि तिची इंग्रजीही फारशी अवघड नाही. कथेत एक स्वयंचलित घर आहे. सकाळी सात वाजता घड्याळ गाऊन वेळ सांगते, आणि स्वयंपाकघरातली शेगडी आपणहून न्याहारी बनवते : टोस्टचे आठ तुकडे, आठ अंडी, बेकनचे सोळा काप, दोन कॉफी आणि दोन ग्लास दूध. इथेच वर्गाला थांबवावे आणि या घरात किती माणसे राहतात, असे विचारावे. दोन कॉफी आणि दोन दुधांवरून दोन मोठी माणसे आणि दोन मुले, असे उत्तर कुणीतरी देतेच. लेखकाने अजून एकाही माणसाची ओळख करून दिलेली नाही, तरी पदार्थांच्या यादीतून कुटुंब उभे राहिले. मग साडेआठ वाजतात, अंडी आकसतात, टोस्ट दगडासारखे होतात आणि एक यांत्रिक पाते ते सगळे खरवडून टाकून देते. न्याहारी खायला कोणीही आलेले नाही.

थोड्या वेळाने घराची बाहेरची भिंत दिसते. ती भाजून काळी पडली आहे, मात्र पाच ठिकाणी रंग शिल्लक आहे : गवत कापणारा पुरुष, फुले तोडायला वाकलेली बाई, हात वर उंचावलेला मुलगा, हवेतला चेंडू आणि तो झेलायला सज्ज असलेली मुलगी. न्याहारीच्या यादीतले चौघे आता सापडले. ही प्रतिमा ब्रॅडबरी यांनी हवेतून आणलेली नाही. १९४५ साली हिरोशिमात अणुबाँबच्या उष्णतेने दगडावर माणसांच्या आकृत्या खरोखरच उमटल्या होत्या, आणि कथा प्रसिद्ध झाली तेव्हा त्याला पाचच वर्षे झाली होती.

आता दुसरे वाचन करावे, आणि ते केवळ व्याकरणाचे असावे. प्रत्येक परिच्छेदातली क्रियापदे अधोरेखित करून त्यांचा कर्ता कोण, हे पाहावे. गाणे, स्वयंपाक करणे, साफसफाई करणे, कविता वाचून दाखवणे, घाबरणे या साऱ्या क्रियांचे कर्ते घर आणि त्याची यंत्रे आहेत. माणसे कुठलीही क्रिया करत नाहीत, ती भिंतीवर गोठून राहिली आहेत. रात्री दहा वाजता घराला आग लागते तेव्हा लेखक लिहितो की घर मरू लागले. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने या कथेत माणसांऐवजी मरते ते घर. आपल्याला त्या घराचे वाईट वाटू लागते, आणि माणसांचे मृत्यू तर कथा सुरू होण्याआधीच होऊन गेलेले आहेत, हे ध्यानात आल्यावर वर्ग काही क्षण गप्प होतो. तो क्षण शिक्षकाने बोलून भरून काढू नये.

घर वाचून दाखवते ती कविता सारा टीझडेल यांची, १९१८ सालची आहे. माणूस नाहीसा झाला तरी निसर्गाला त्याची दखलही नसेल, असा तिचा आशय आहे. कविता आणि कथा यांना शेजारी ठेवून, पहिल्या महायुद्धाच्या काळातली ती कल्पना अणुबाँबनंतर कशी बदलते, हा दुसऱ्या तासाचा विषय होऊ शकतो.

एक बदल आणि त्याचे परिणाम

विज्ञानकथेचा अभ्यास करताना समीक्षक डार्को सुविन यांची मांडणी टाळता येत नाही. १९७० च्या दशकात त्यांनी विज्ञानकथेची व्याख्या बोधात्मक अपरिचितीकरणाचे साहित्य अशी केली. नेहमीचे जग अनोळखी करून दाखवायचे, परंतु ते तर्काने समजून घेता येईल अशा रीतीने, हा त्या शब्दयोजनेचा अर्थ. या अनोळखीपणाच्या मुळाशी असलेल्या नव्या गोष्टीला ते तत्त्वज्ञ एर्न्स्ट ब्लॉख यांच्याकडून घेतलेला ‘नोव्हम’ हा शब्द वापरतात. अभ्यासाला बसताना याचे रूपांतर दोन सरळ प्रश्नांत करावे : आपल्या जगापेक्षा इथे नेमके काय बदलले आहे, आणि त्या बदलाचे परिणाम लेखकाने कुठवर नेले आहेत?

अर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही १९६९ सालची कादंबरी या दोन प्रश्नांनी उघडून पाहावी. तिथल्या ग्रहावरच्या माणसांना कायमचे लिंग नाही. महिन्यातले काही दिवस ती पुरुष किंवा स्त्री होतात, आणि त्यांतली कोणीही गरोदर राहू शकते. परिणाम शोधायला लागले की ते समाजरचनेत, राजकारणात आणि घरातही सापडतात. त्या ग्रहावर युद्ध झालेले नाही. याचा त्या बदलाशी संबंध आहे का, हा प्रश्न कादंबरी स्वतःच उपस्थित करते. तिथला राजा गरोदर असल्याचे एका छोट्या वाक्यात येते. मराठी वाचकाने हे वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे. ‘राजा गरोदर होता’ म्हणताना क्रियापदालाही लिंग द्यावे लागते, आणि इंग्रजीत नुसत्या नामावर असलेला ताण मराठीत वाक्याच्या शेवटापर्यंत जातो. भाषांतराचा हा छोटा प्रयोग मूळ वाक्याविषयी खूप काही शिकवतो.

लेखकाने कोणता परिणाम पाहिला नाही, हेही विचारावे. ले ग्विन यांनी या माणसांसाठी इंग्रजीतले पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्यावर टीका झाली. १९७६ च्या निबंधात त्यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले, आणि दशकभरानंतर त्याच निबंधाला टिपा जोडून आपले मत बदलल्याचे लिहिले. एका सर्वनामामुळे सबंध कल्पित समाज वाचकाच्या डोळ्यांपुढे पुरुषांचा होऊन जातो, हे समजायला याहून चांगला धडा इंग्रजीच्या वर्गाला मिळणार नाही.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये याच प्रश्नांतून इतिहास समोर येतो. मंगळावरून आलेले आक्रमक इंग्लंडवर चालून येतात, आणि पहिल्याच प्रकरणात निवेदक वाचकाला आठवण करून देतो की युरोपीय लोकांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा असाच संहार केला होता. पुस्तकरूपात ही कादंबरी १८९८ साली आली, म्हणजे ब्रिटिश साम्राज्य भरात असताना. इथे अर्थ शोधायला दूर जावे लागत नाही. लेखकाने तो मंगळवासीयांना खरे मानूनच मांडला आहे.

फँटसीचे नियम

सुविन यांच्या मांडणीत फँटसीला मानाचे स्थान नाही, आणि त्यांची व्याख्या जशीच्या तशी फँटसीला लावून ती कमी दर्जाची ठरवण्याची चूक अनेक निबंधांत दिसते. फँटसीतही नियम असतात. फक्त ते विज्ञानातून आलेले नसतात. ले ग्विन यांच्याच ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या १९६८ सालच्या कादंबरीत प्रत्येक वस्तूला आणि प्राण्याला एक खरे नाव आहे, आणि ते नाव ज्याला ठाऊक त्याची त्यावर सत्ता चालते. ही नावे ज्या प्राचीन भाषेत आहेत त्या भाषेत माणसाला खोटे बोलता येत नाही. ड्रॅगनची मात्र ती मातृभाषा आहे, आणि त्यांना तिच्यात खोटे बोलता येते. नायक गेड एका वृद्ध ड्रॅगनसमोर उभा राहतो तेव्हा त्याचे हत्यार एकच असते, ते म्हणजे त्या ड्रॅगनचे नाव. ड्रॅगनही त्याला मोलाची लालूच दाखवतो : गेडचा पाठलाग करणाऱ्या छायेचे नाव.

आता ‘ड्रॅगन हे दुष्टतेचे प्रतीक’ हे उत्तर इथे लावून पाहावे. ते फिके पडते. या प्रसंगात प्रश्न सत्य आणि भाषा यांचा आहे. जी भाषा शिकून घ्यावी लागते तिच्यात आपण खरेपणाला बांधलेले असतो, आणि जन्मजात भाषेत फसवणूक शक्य होते, असा एक विलक्षण विचार इथे नियमाच्या रूपाने आला आहे. ड्रॅगनला ड्रॅगन मानले म्हणूनच तो हाती लागला.

वाचक त्या अद्भुत जगात कसा शिरतो, हे पाहण्यासाठी समीक्षक फॅरा मेंडलसन यांनी २००८ साली मांडलेले वर्गीकरण उपयोगी पडते. काही कथांत पात्र दारातून दुसऱ्या जगात जाते, काहींत ते त्याच जगात जन्मलेले असते, काहींत अद्भुत आपल्या जगात घुसते, आणि काहींत ते उंबरठ्यावरच रेंगाळते. नुसती नावे पाठ करून काही साधत नाही. दारातून जाणाऱ्या कथेत पात्राला आणि वाचकाला एकाच वेळी माहिती मिळते, त्यामुळे समजावून सांगणारे कोणीतरी लागते आणि त्याच्या शब्दावर सहसा शंका घेतली जात नाही. जन्मापासून तिथेच असलेल्या पात्राला मात्र कोणी काही समजावत नाही. हा निवेदनशैलीतला फरक उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

साल आणि आवृत्ती

प्रत्येक संहितेचे प्रकाशनवर्ष वहीत सर्वांत वर लिहावे आणि हातात कोणती आवृत्ती आहे ते तपासावे. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली, आणि १८३१ साली त्यांनीच सुधारलेली आवृत्ती काढली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण आहे, तर दुसरीत ती दत्तक घेतलेली अनाथ मुलगी होते. दोन विद्यार्थ्यांच्या हातांत दोन आवृत्त्या असतील तर चर्चा भरकटते. हे मी अनुभवाने सांगतो.

याच कादंबरीत चित्रपटाचा पगडा किती असतो हेही दिसते. व्हिक्टर स्वतः बनवलेल्या जीवात प्राण आणतो तो प्रसंग आठवायला सांगितला की विद्यार्थी विजांचा कडकडाट आणि प्रचंड यंत्रे यांचे वर्णन करतात. संहितेत तिथे नोव्हेंबरची रात्र, खिडकीच्या काचांवर पडणारा पाऊस आणि विझत आलेली मेणबत्ती आहे. साधने कोणती होती हे व्हिक्टर सांगत नाही, प्रसंग काही ओळींतच उरकतो आणि तो घाबरून पळून जातो. उलट त्या निनावी जीवाला स्वतःची कहाणी सांगायला कितीतरी प्रकरणे मिळतात, आणि मिल्टनचे महाकाव्य वाचून घडलेली त्याची भाषा कादंबरीतल्या सर्वांत समृद्ध भाषांपैकी एक आहे. लेखिकेने कुणाला किती जागा दिली, हे मोजावे. महत्त्व कशाला आहे हे त्यावरून कळते.

साल पाहण्याचा उलटा दुरुपयोग म्हणजे भाकिते तपासणे. ब्रॅडबरी यांची वर सांगितलेली कथा पुस्तकात २०२६ साली घडते, म्हणून त्यातले काय खरे ठरले याची यादी करण्यात तास घालवू नये. विज्ञानकथा भाकीत करत नाही, वर्णन करते, असे ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’च्या १९७६ च्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे.

निबंध लिहिताना

कथानकाचा सारांश दोन वाक्यांत संपवावा. आपले मुख्य विधान असे असावे, की ते त्याच कथेविषयी करता येईल, दुसऱ्या कोणत्याही नाही. ‘या कथेत तंत्रज्ञानाचे धोके दाखवले आहेत’ हे विधान शंभर कथांना लागू पडते. त्याऐवजी असे लिहिता येईल : या कथेत जिवंतपणाची बहुतेक क्रियापदे घराला दिली असून माणसे भिंतीवरच्या आकृत्या होऊन उरतात, त्यामुळे वाचकाचे दुःख आधी घराकडे वळते, आणि ते चुकीच्या जागी वळले हे उमगण्यातच कथेचा परिणाम साठवलेला आहे. या विधानाला पुरावा लागतो आणि तो संहितेत मिळतो. वहीतला डावा रकाना इथे कामी येतो.

इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या वर्गासाठी डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही १९५९ ची कथा आवर्जून निवडावी. शस्त्रक्रियेने बुद्धी वाढलेल्या चार्लीच्या नोंदींत आधी शुद्धलेखन सुधारते, मग वाक्ये लांब होतात. स्वल्पविराम नुकताच शिकल्यावर तो जिथे तिथे स्वल्पविराम देत सुटतो. पुढे हेच सगळे एकेक करून त्याच्या हातून निसटते. भाषा शिकण्याचे कष्ट ज्यांनी घेतले आहेत, ते विद्यार्थी या नोंदी फार आपुलकीने वाचतात. मूळ कथाच घ्यावी. १९६६ ची कादंबरी नंतर वाचता येईल.

शेवटचे काम लेखनाचे आहे आणि ते गुणांसाठी नसावे. ‘हिरवा सूर्य’ असे कोणीही म्हणू शकतो, पण तो सूर्य ज्या जगात विश्वसनीय वाटेल ते जग रचायला परिश्रम आणि विचार लागतो, असे टोल्किन यांनी परीकथांवरच्या आपल्या निबंधात म्हटले आहे. विद्यार्थ्यांनी हिरव्या सूर्याच्या जगातली एक सकाळ अर्ध्या पानात इंग्रजीत लिहावी. सूर्य हिरवा आहे हे मात्र कुठेही सांगू नये. तिथल्या माणसाला पांढरा कपडा कसा दिसतो, पिकलेले फळ तो कशावरून ओळखतो, पहाटेला त्याच्या भाषेत काय म्हणतात, एवढेच लिहावे. मग पाने अदलाबदल करून, शेजाऱ्याने पुन्हा पानावर रेघ ओढावी आणि त्या जगाचे नियम उजव्या रकान्यात लिहून दाखवावेत.